आतलं काय काय गेलं?

आमच्याकडे लाईट जाते तेव्हा कोणी घाबरत नाही, येते तेव्हा घाबरतात. गेली की घरातलं कोणीतरी उठतं, फ्रिजचं बटण बंद करतं, टीव्हीची पिन काढतं आणि मग अंधारात निवांत बसतं. आली की आधी बल्बकडे बघायचं. उजेड नेहमीचा आहे, का पिवळा पडलाय, का पांढराफटक झालाय? मग पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि नंतर फ्रिज. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही, मराठवाड्यातल्या गावात वाढलेल्या पोराला आपोआप येतं. आणि ते बरोबरही आहे. जाणारी लाईट सहसा काही जाळत नाही. लाईन सोडल्याच्या पहिल्या क्षणी तारेतून जे उसळत येतं, त्यानं नुकसान होतं.

मी मानवतला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. मृग निघाला, वाऱ्यानं खांबावरच्या तारा एकमेकींना घासायला लागल्या, की माझ्या टेबलाजवळ कॅबिनेटांची रांग लागते. आणणारा शाळेचा क्लार्क असो, अडत्याचा मुनीम असो, नाहीतर कॉलेजची पोरगी, काऊंटरवर डबा ठेवायच्या आधी प्रश्न ठेवतात: आतलं काय काय गेलं? बंद का पडलं हे कोणी विचारत नाही. धूर निघालेला असतो, वास अजून डब्यातून येत असतो, त्यामुळे एसएमपीएस, म्हणजे घरातली लाईट कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा आतला डबा, गेला हे त्यांनाही कळलेलं असतं. पाच-सहाशे रुपयांच्या त्या पत्र्याच्या डब्याचं दुःख कोणाला नसतं. तो जाताना कोणाकोणाला सोबत घेऊन गेला, एवढंच त्यांना ऐकायचं असतं.

या प्रश्नाचं उत्तर काऊंटरवर देता येत नाही. तरी आमच्या धंद्यात ते दिलं जातं. झाकण न काढता “बोर्ड गेला”, म्हणजे मदरबोर्ड गेला, म्हणणारे आहेत, आणि त्यांचं दुकान माझ्यापेक्षा बरं चालतं. कारण सोपं आहे. नवा बोर्ड विकायला तासभर लागतो, जुना जिवंत आहे की नाही हे बघायला अख्खी दुपार जाते आणि त्या दुपारचे पैसे द्यायला कोणी राजी नसतं.

एसएमपीएस उघडला की विकणाऱ्याची नियत दिसते. चांगला डबा हातात घेतल्याबरोबर वजनावरून कळतो. स्वस्तातला, कॅबिनेटसोबत फुकट आलेला डबा हलका असतो, त्यावर ४५० वॅटचं स्टिकर असलं तरी. आतल्या हिरव्या-तपकिरी पाटीवर लाईट आत येते त्या कोपऱ्यात काही जागा छापलेल्या असतात. इथे गाळणीची कॉइल, इथे एमओव्ही. नाव छापलेलं, भोकं पाडलेली, आणि भाग मात्र नाही. कॉइलच्या जागी सरळ तारेचा तुकडा डाग देऊन बसवलेला. ती एमओव्ही म्हणजे निळी नाहीतर पिवळी चकती. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की ती सगळा प्रवाह स्वतःवर ओढून घेते, तडकते, आणि तिच्यामुळे शेजारचा फ्यूज उडतो. दहा-पंधरा रुपयांची वस्तू. ती वाचवण्यासाठी ज्यानं जागा मोकळी सोडली, त्याला आमच्या गावची लाईट माहीत नव्हती असं मी धरून चालतो.

वर आमची हवा. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, पत्र्याच्या शेडमधल्या दुकानात त्याच्याही वर, आणि बंद कॅबिनेटात आणखी वर. कपॅसिटर म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या डब्या. त्यांचा हिशेब असा, की दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आतला द्राव हळूहळू सुकत जातो, डोकं फुगतं, कधी तपकिरी पाणी गळतं. त्यात मानवत हे कापसाचं गाव. जिनिंगच्या बाजूला ज्यांची दुकानं आहेत त्यांच्या एसएमपीएसच्या पंख्यावर वर्षभरात सरकीच्या तंतूंचा पांढरा थर बसतो, पंखा जड होतो, मग थांबतो. पाली निघतात त्या वेगळ्या. दोन पायांमध्ये चिकटून वाळलेली पाल काढताना गिऱ्हाइकाला मी बाहेर चहाला पाठवतो.

आता २०२३ च्या जुलैची गोष्ट. त्या वर्षी एक रुपयात पीकविमा सुरू झाला होता, आणि जवळच्या एका खेड्यात ऑनलाईन सेंटर चालवणाऱ्या एका पोराच्या दारात सकाळी सातपासून माणसं बसायला लागली होती. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. दिवसा सर्वर चालत नाही म्हणून तो रात्री अर्ज भरायचा. मुदत महिनाअखेरची. पुढे ती ऑगस्टच्या तीन तारखेपर्यंत वाढली, पण हे त्या आठवड्यात कोणाला ठाऊक?

रात्री गावात न्यूट्रल तुटला. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं, कारण शहरातल्या माणसाला वाटतं लाईट एक तर असते नाहीतर नसते. खांबावरून चार तारा येतात. तीन फेज आणि एक न्यूट्रल. घराला त्यातला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, आणि त्या दोघांत २३० व्होल्ट असतात. न्यूट्रल मधेच सुटला, डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, तारा जोडणारा जंपर निखळला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं नकळत एकमेकांना जोडली जातात आणि दोन फेजांमधले ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी बरोबरीची नसते. ज्या घरांत मोटार, इस्त्री, हीटर चालू आहे तिथे व्होल्टेज पडतं. ज्या घरात दोन एलईडी बल्ब आणि एक कॉम्प्युटर तेवढा चालू आहे, तिथे साडेतीनशे, पावणेचारशे येऊन आदळतात. त्या रात्री एका आळीत बल्ब तांबूस मिणमिणत होते आणि दुसऱ्या आळीत ते फटाफट फुटत होते. दोन्हीकडची माणसं रस्त्यावर येऊन एकमेकांना विचारत होती, तुमच्याकडं आहे का लाईट.

सकाळी वायरमननं खांबावर चढून जंपर बांधला आणि तो पोरगा मोटरसायकलवर मागं चुलतभावाला बसवून, त्याच्या मांडीवर एक आणि पुढच्या टाकीवर एक असे दोन कॅबिनेट घेऊन दुकानात आला. डोळे तांबडे झालेले.

“काका, लै माणसं बसलीत दारात. दोन्ही गेलेत. आतलं काय काय गेलं बघा.” आणि मग हळू आवाजात, “याच्यात मपला समदा डाटा हाय.”

याच्यात म्हणजे जुन्या, स्वस्त एसएमपीएसच्या कॅबिनेटात. दुसरा बरा होता, त्यात चांगल्यापैकी एसएमपीएस मीच घातला होता.

“यूपीएस होता की काका,” चुलतभाऊ म्हणाला. होता. पण हा सहाशे व्हीएचा साधा यूपीएस लाईट असेपर्यंत बाहेरची लाईट जशी येते तशीच पुढं ढकलतो. लाईट गेली की मग बॅटरीवर जातो. जास्त व्होल्टेज आलं तर तोडायचं त्यालाही कळतं, पण रिले, म्हणजे आतला तोडणारा खटका, पडायला काही मिलिसेकंद जातात. आणि याची बॅटरी पावसाळ्याच्या तोंडावरच बसली होती, म्हणून एक कॅबिनेट सरळ भिंतीच्या बोर्डावर घेतलेलं होतं. यूपीएसवर जो विश्वास टाकला जातो तो बहुतेक वेळा त्याच्या पिवळ्या दिव्यावर टाकलेला असतो.

चांगला एसएमपीएस आधी उघडला. उघडताना एक गोष्ट पाळावी लागते. पिन काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरांत सव्वातीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. फ्यूज उडालेल्या डब्यात तर जास्तच शक्यता, कारण भार संपलेला असतो आणि साठा तसाच राहतो. मी होल्डरला दोन तारा लावलेला साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब ठेवला आहे. तारा कपॅसिटरच्या पायांना टेकवल्या की साठा असेल तर बल्ब क्षणभर पेटतो आणि विझतो. त्या दिवशी पेटला. चुलतभाऊ दोन पावलं मागं सरकला. घरी यूट्यूब बघून एसएमपीएस उघडणाऱ्यांना मी हाच बल्ब पेटवून दाखवतो, बोलत काही नाही.

आत एमओव्ही दोन तुकडे होऊन पडली होती, काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट, एका कपॅसिटरचं डोकं उघडून त्यातला कागद बाहेर आला होता. पोरानं डोक्याला हात लावला. मला बरं वाटलं, आणि का ते त्याला पटवायला वेळ लागला.

एसएमपीएसच्या मधोमध एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या अलीकडे घरातली लाईट, पलीकडे कॉम्प्युटरला जाणाऱ्या तारा: पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची. दोन्ही बाजूंमध्ये ऊर्जा जाणारी तार एकही नसते. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकातून, आणि पलीकडचं व्होल्टेज किती झालं याचा निरोप अलीकडे येतो तो एका छोट्या चिपमधल्या प्रकाशाच्या तिरिपेतून. म्हणून बाहेरून आलेला दणका अलीकडेच भागला, चकती तडकली, फ्यूज उडाला, कपॅसिटर फुटला, तर पलीकडे फार काही पोचत नाही. माझा इतक्या वर्षांचा अनुभव हाच: जो एसएमपीएस आवाज करून मरतो, तो बहुतेक एकटाच मरतो. कॅबिनेटमागची २३० का ११५ व्होल्ट ते ठरवणारी लाल पट्टी शाळेतल्या एखाद्या पोरानं पेनानं ११५ वर सरकवली आणि मग लाईट लावली, तर भिंत हादरेल एवढा बार होतो. बाई रडत येतात. आणि बोर्ड शंभरातल्या नव्वद वेळा ठणठणीत असतो.

भीती वाटावी ती न बोलता मरणाऱ्याची. मोठ्या चांगल्या एसएमपीएसमध्ये पलीकडचं व्होल्टेज वाढलं की सगळं बंद करणारी व्यवस्था असते. स्वस्त डब्यात ती नावापुरती किंवा नसतेच. तो मरता मरता पिवळ्या तारेवर १२ च्या जागी काय सोडून जाईल ते त्यालाच माहीत. दुसऱ्या कॅबिनेटच्या डब्यात फ्यूज शाबूत होता, एमओव्हीची जागा रिकामी, आणि आतल्या एका ट्रान्झिस्टरवर टाचणीच्या टोकाएवढं भोक. धूरही फारसा नव्हता. नेमका डाटा याच्यात.

इथे मला दरवर्षी पंचनामा आठवतो. अतिवृष्टी झाली की तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर मदत, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. चिखलात आत कोण जाणार? बांधावर उभं राहून सोयाबीनकडं नजर टाकायची, फोटो घ्यायचा आणि लिहायचं. शेतकऱ्यालाही शंभर टक्केच लिहून हवं असतं, आणि त्यात त्याची चूक नाही. पण साहेबांची गाडी गेली की तोच माणूस धोतर खोचून सरीसरीनं आत फिरतो. ओढ्याकडची पट्टी गेली, माळाकडची अजून उभी आहे, मधल्या चार सऱ्यांचं आठ दिवसांनी कळेल. हा दुसरा पंचनामा कागदावर येत नाही, पण रब्बीचं बियाणं कुठून आणायचं ते याच्यावर ठरतं. “बोर्ड गेला” हा बांधावरचा पंचनामा. गिऱ्हाईक मला दुसरा करायला सांगत असतं.

तो असा होतो. आधी कॅबिनेटातलं सगळं सोडवायचं. हार्ड डिस्क, डीव्हीडी, पुढचे यूएसबी, सगळ्या पिना बाहेर. टेबलावर पुठ्ठा, त्यावर बोर्ड. बोर्डावर प्रोसेसर आणि रॅमची एकच पट्टी. दुकानातला खात्रीचा एसएमपीएस जोडायच्या आधी तोही तपासायचा: चोवीस पिनांच्या सॉकेटात हिरवी तार आणि काळी तार तारेच्या तुकड्यानं जोडली की तो एकटाही चालू होतो. मीटरवर १२ च्या जागी ११.४ ते १२.६ चालतं, ५ ला ४.७५ ते ५.२५. जांभळी तार बंद अवस्थेतही ५ व्होल्ट दाखवते. करडी तार “सगळं ठीक आहे” असा निरोप बोर्डाला देते, तो मिळाल्याशिवाय शहाणा बोर्ड जागचा हलत नाही. एवढं झाल्यावर बोर्ड जोडायचा, छोटा स्पीकर लावायचा, आणि चालू करायच्या दोन पिनांना पेचकस टेकवायचा.

पहिला बोर्ड बोलला. एक बीप. पोरानं माझ्याकडे बघितलं. मी रॅमची दुसरी पट्टी लावली, मग डिस्क, मग पुढचे यूएसबी, प्रत्येक वेळी बंद करून, पिन काढून. सगळं जिवंत. नवा एसएमपीएस घातला आणि चुलतभावाला तो कॅबिनेट देऊन गावाकडं पाठवून दिलं, दारातली माणसं तरी हलतील.

दुसरा बोर्डही बोलला. हे मला अपेक्षित नव्हतं. पुढचे दोन यूएसबी मेलेले निघाले, बाकी ठीक. मग डिस्क जोडली आणि पेचकस टेकवला. पंखा जरासा हलला आणि थांबला. पुन्हा, तेच. डिस्कची पिन काढली, बोर्ड बीप देतो. डिस्क लावली, पंखा हलतो आणि थांबतो.

“गेली ना?” पोरगा म्हणाला. आवाज आधीच खाली गेलेला.

हा जो पंखा हलून थांबतो, त्याचा अर्थ चांगला एसएमपीएस सांगतोय, की पुढे कुठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्यात, मी वीज देणार नाही. मीटर बीपवर ठेवून डिस्कच्या पाठीवरच्या पाटीत १२ व्होल्टची जागा आणि जमीन, म्हणजे काळ्या तारेची जागा, यांच्यात टेकवलं. बीप. ५ व्होल्टला नाही. त्या पाटीवर लाईट आत येते तिथेच दोन छोटे काळे डायोड असतात, एक ५ साठी, एक १२ साठी. व्होल्टेज वाढलं की ते स्वतः शॉर्ट होऊन पाटीवरचं बाकी सगळं वाचवतात. टीव्हीएस डायोड म्हणतात. १२ चा डायोड शॉर्ट झाला होता. म्हणजे त्यानं त्याचं काम केलं होतं, आणि मेल्यावरही वाट अडवून बसला होता.

चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंची बारीक पेचकसं लागतात. पाटी उलटी केली, भिंगाखाली डायोडच्या दोन्ही टोकांना गन टेकवली आणि तो चिमट्यानं उचलला. मीटरची बीप थांबली. आता या डिस्कला १२ व्होल्टवर संरक्षण उरलेलं नाही, म्हणून ती कामासाठी परत वापरायची नाही. एकदाच चालू करायची आणि सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. तिच्या पाटीला डाग देण्याऐवजी तसल्याच दुसऱ्या डिस्कची पाटी लावावी, असं पुष्कळांना वाटतं. जमत नाही. प्रत्येक डिस्कच्या खाचाखुणा कारखान्यात तिच्याच पाटीवरच्या एका चिपमध्ये भरलेल्या असतात. पाटी बदलायची तर ती चिपही उतरवून नव्या पाटीवर चढवावी लागते. डायोड उचलणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं.

डिस्क फिरली. फोल्डर उघडायला लागले. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं नाव त्यात होतं, सातबाऱ्यांसकट, आणि मधेच एक फोल्डर “ताईचं लग्न”. उतरायला संध्याकाळ झाली. पोरगा स्टुलावर बसून हिरवी पट्टी पुढं सरकताना बघत होता, आणि दर दहा मिनिटांनी फोनवर कोणालातरी सांगत होता, “उद्या या, उद्या. कामून म्हंजे? डाटा काढायलोय.”

मेलेल्या यूएसबींबद्दल त्याचं म्हणणं एसएमपीएसनं मारले. मला तसं वाटत नव्हतं. मी विचारलं, कॅबिनेट करंट मारायचं का? “थोडं थोडं. पावसाळ्यात जास्त.” म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फेजपासून आणि न्यूट्रलपासून अर्थिंगकडे जाणारे दोन बारके कपॅसिटर असतात, लाईटमधली घाण जमिनीत सोडायला. जमिनीची वाटच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मं, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट उभं राहतं. प्रवाह अगदी थोडा, हाताला मुंग्या येतील एवढाच, टेस्टर मात्र लख्ख पेटतो. अशा पत्र्यावर कोणी प्रिंटरची नाहीतर स्कॅनरची पिन खुपसली, की तो फरक त्या पोर्टमधून वाट काढतो. एसएमपीएस जळायच्या कितीतरी आधी ते पोर्ट असेच मेले असणार.

अर्थिंगवर बोलायला लागलो की गिऱ्हाईक घड्याळ बघतं, तरी बोलतो. शेतात दोन फेजवर बल्ब लावायला लोखंडी खुंटी जमिनीत ठोकणारे आमच्याकडे पुष्कळ. तो धोक्याचा खेळ आहे, माणसं मेली आहेत. पण तो खेळ करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते: बल्ब मंद झाला की खुंटीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं, बल्ब उजळतो. अर्थिंगचं सगळं शास्त्र त्या तांब्यात आहे. आमची काळी जमीन पावसात लोण्यासारखी, आणि एप्रिलपासून तिला हात जाईल एवढ्या भेगा. ज्या प्लेटीभोवती कोळसा आणि मीठ भरून खड्डा केला, ती माती प्लेटीला सोडून मागं सरकते आणि अर्थिंग भिंतीवरच्या तिसऱ्या भोकापुरतं उरतं. उपाय खड्ड्यात पाणी घालत राहणं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी आणत होते. त्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला “अर्थिंगला बादलीभर पाणी घालत जा” असं कुठल्या तोंडानं सांगणार? त्याच्या आदल्या वर्षी परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. आमच्याकडे वीज बनवायला पाणी लागतं आणि ती जमिनीत जिरवायलाही.

न बोलता मरणाऱ्यांबद्दल एक राहिलं. एका निवृत्त गुरुजींचा कॉम्प्युटर फक्त दुपारीच अडकायचा. विंडोज पुन्हा पुन्हा टाकून झालं होतं, दरवेळी पैसे देऊन. मीटरवर १२ ला १२ दिसत होते. मीटर सरासरी सांगतो. त्या १२ व्होल्टवर जी थरथर असते, ती १२० मिलिव्होल्टच्या आत असावी असा दंडक आहे, आणि ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. तालुक्यात कोणाकडे आहे? मी एसएमपीएस बदलून दुपार होऊ दिली. अडकला नाही. पण बोर्डावर प्रोसेसरच्या भोवतालचे कपॅसिटरही फुगले होते, वर्षानुवर्षं ती थरथर पचवून आणि उन्हानं. २००० नंतरच्या काही वर्षांत बाजारात खराब रसायनाचे कपॅसिटर आले होते तेव्हा जगभरचे बोर्ड असेच फुगत होते. माझा धंदा त्याच लाटेवर शिकून झालाय. हा एसएमपीएस कधीच जळला नाही, त्याला कोणी दोष दिला नाही, आणि बोर्ड त्यानंच खाल्ला.

सेंटरवाला पोरगा दिवाळीच्या आधी परत आला. दुसरा कॅबिनेट घेऊन. निळा पडदा येतो म्हणाला. रॅम तपासणीला लावली. पहिली फेरी स्वच्छ गेली, दुसऱ्या फेरीत एकाच जागी चुका यायला लागल्या. दुसरी पट्टी घातली, रात्रभर चालू ठेवलं, चूक नाही. पट्टी बदलली, झालं.

“त्या रातीचंच का हे?” त्यानं विचारलं.

असू शकतं. दणक्यानं जखमी झालेला भाग काही महिने चालून मग जातो, असं होतं. रॅमची पट्टी काही कारण नसतानाही जाते, असंही होतं. दोन्हींत फरक सांगणारी खूण पट्टीवर नसते. त्याला कारण हवं होतं, कारण त्यानं नुकसानभरपाईचा अर्ज केला होता आणि तिथं दुरुस्ती करणाऱ्याचा दाखला मागितला होता. मी लेटरहेड काढलं. दोन एसएमपीएस, एका डिस्कचा १२ व्होल्टचा डायोड, जास्त व्होल्टेजमुळे निकामी. खाली सही करणार तेवढ्यात तो म्हणाला, “रॅमपण टाका ना काका. यूएसबीपण. कोण बघायलंय?”

मी वेगळी ओळ लिहिली: रॅम, दोन यूएसबी पोर्ट, नादुरुस्त, कारण निश्चित सांगता येत नाही.

त्यानं कागद दोनदा वाचला. “असं कुणी लिहून देतं का?” म्हणाला, घडी करून खिशात घातला, आणि रॅमचे पैसे पुढच्या बाजारी देतो म्हणून गाडीला किक मारली.